जुन्या गाडीचा डिस्क ब्रेक धरून राहतो तेव्हा : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती ८००, झेन, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा जुन्या गाड्या बेळगाव शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत आजही रोजच्या वापरात आहेत. त्यांपैकी बहुतेकांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढील उत्तरे मुख्यतः या रचनेला धरून दिली आहेत. ब्रेक जाम झाला की लगेच सुटा भाग बदलण्याकडे आपला कल असतो. परंतु ब्रेक का सुटला नाही हे आधी शोधले, तर खर्च कमी होतो आणि दुरुस्ती टिकते, असे माझे ठाम मत आहे.

कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा भाग) धरून राहतो म्हणजे आत नेमके काय घडते?

पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि आतील बाजूचे पॅड डिस्कवर दाबतो. त्याच वेळी कॅलिपरचे संपूर्ण शरीर दोन पिनांवरून उलट दिशेने सरकते आणि बाहेरचे पॅडही डिस्कला भिडते. पेडल सोडल्यावर पिस्टन मागे ओढण्यासाठी आत कोणतीही स्प्रिंग नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची एक रबरी सील खाचेत बसवलेली असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळली जाते आणि दाब निघताच सरळ होऊन पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाइतकी मागे घेते. सगळा ब्रेक सुटणे या एवढ्याशा हालचालीवर अवलंबून असल्यामुळे पिस्टनवर गंज चढला, पिना सुकल्या, पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये अडकले किंवा नळीत दाब कोंडून राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहते.

गाडी चालवताना हे कसे ओळखावे?

गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त लागते, सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये टाकल्यावर ती लवकर थांबते आणि एका चाकाजवळ जळका वास येतो. ब्रेक न दाबताही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्याच बाजूचा ब्रेक धरलेला असण्याची शक्यता अधिक असते. याउलट, ब्रेक दाबल्यावरच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर विरुद्ध बाजूचा पिस्टन पुढेच सरकत नाही, अशीही शक्यता असते आणि ती अधिक धोकादायक आहे.

खात्री करण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी आणि थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा. डिस्कला हात लावू नये; कातडी भाजते. चाक किती गरम आहे यापेक्षा डाव्या आणि उजव्या चाकांत किती फरक आहे, याकडे लक्ष द्यावे.

आपल्या भागात हा त्रास जास्त का दिसतो?

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पाऊस प्रचंड पडतो आणि तेथील लाल माती चाकाच्या आतील बाजूस लिंपल्यासारखी बसते. निपाणी, चिकोडीकडे उसाच्या हंगामात शेतातला चिखल रस्त्यावर येतो. या मातीत ओलावा दीर्घकाळ टिकतो आणि पिनांवरील किंवा पिस्टनवरील रबरी टोपी कोठे फाटलेली असेल, तर तेथून तो आत शिरतो. आणखी एक कारण म्हणजे गाडी उभी राहणे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेल्या मंडळींची गाडी गावाकडे जून महिन्यापासून पडवीच्या कडेला उभी असते, ती गणपतीलाच चालू केली जाते. वापरातल्या ब्रेकमध्ये पिना आणि पिस्टन सतत थोडे हलत राहतात. उभ्या गाडीत मात्र गंजाला निवांत वेळ मिळतो. गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी नेऊन आणल्यानंतर चाकांची आतील बाजू साध्या पाण्याने धुऊन, थोडी चालवून सुकवणे याच कारणासाठी हिताचे असते.

दोष पिस्टनचा, पिनांचा की नळीचा, हे घरी ठरवता येते का?

येते, आणि कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी हे अवश्य ठरवावे. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करून मागील चाकांना अडकण लावावी, चाकाचे नट किंचित सैल करावेत, जॅकने चाक उचलावे आणि गाडी लोखंडी घोडीवर टेकवावी. आपल्याकडे अंगणात चिरे सहज सापडतात म्हणून ते रचून त्यावर गाडी टेकवण्याची पद्धत आहे. ती जिवावर बेतणारी आहे, कारण जांभा दगड किंवा वीट भाराखाली अचानक फुटते.

आता ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडावा आणि चाक हाताने फिरवून पाहावे. चाक अडत असेल, तर कॅलिपरवरील ब्लीडिंग निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू) अर्धा फेरा उघडावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच मोकळे झाले, तर पिस्टन आणि पिना बहुधा ठीक असून वरून येणारा दाब परत जात नाही, असा निष्कर्ष निघतो. निप्पल उघडूनही चाक तसेच जड राहिले, तर अडचण कॅलिपरमध्येच आहे: पिस्टन, पिना किंवा पॅड यांपैकी काहीतरी अडकले आहे.

दाब कोंडल्याचे दिसले, तर निप्पल बंद करून ब्रेक पुन्हा दाबावा आणि रबरी नळी जेथे लोखंडी पाइपला जोडली जाते, तो वरचा जोड थोडा सैल करावा. तेथे चाक सुटले तर दोष त्याहून वर, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला आहे. तेथे सुटले नाही पण निप्पल उघडल्यावर सुटते, तर रबरी नळी आतून बंद झाली आहे. या तपासणीला एक रिंग पाना, एक जुने भांडे आणि थोडा वेळ एवढेच लागते. तपासणीनंतर ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणे मात्र टाळता येत नाही.

निप्पल गंजलेला असेल, तर त्यावर गंज सोडवणारे तेल बाहेरून मारून रात्रभर ठेवावे आणि आठ किंवा दहाचा, जो घट्ट बसेल तो रिंग पाना वापरावा. उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे कोपरे जातात, आणि निप्पल तुटला तर स्वस्तातले काम महागात पडते.

नळी बाहेरून चांगली दिसते, मग ती आतून खराब कशी असेल?

ब्रेकच्या रबरी नळीला अनेक थर असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला थर फुगतो किंवा त्याचा एखादा पापुद्रा सुटतो. पेडल दाबताना पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत येताना तेवढा जोर नसल्यामुळे तो पापुद्रा झडपेसारखा आडवा येतो. परिणामी ब्रेक लागतो व्यवस्थित, पण सुटतो फार सावकाश. गाडी काही मिनिटे उभी केल्यावर चाक आपोआप मोकळे होत असेल, तर संशय आधी नळीवरच घ्यावा. नवीन कॅलिपर बसवूनही महिनाभरात तोच त्रास परत येतो, त्यामागे पुष्कळदा ही नळी असते. कॅलिपर खोलताना तो नळीवर लोंबकळत ठेवणे किंवा ऑइल थांबवण्यासाठी नळी पकडीने चिमटणे यामुळेही आतला थर फाटतो. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा.

चारही चाके किंवा पुढील दोन्ही चाके एकदम धरत असतील तर?

तेव्हा दोन्ही कॅलिपर एकाच दिवशी बिघडले असे मानण्यापेक्षा मास्टर सिलिंडर, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पेडल तपासावे. पेडलला थोडी मोकळी चाल असली पाहिजे. ब्रेक लाइटचा स्विच पुढे सरकवून बसवलेला असेल किंवा बूस्टरची दांडी जास्त लांब झालेली असेल, तर मास्टर सिलिंडरमधील बारीक छिद्र झाकलेलेच राहते आणि तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जाण्यास वाट मिळत नाही. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल पडले असेल, तरीही हेच घडते, कारण खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते. अशा वेळी नुसते ऑइल बदलून भागत नाही. जेथे जेथे ते तेल पोहोचले, तेथील सर्व रबरी भाग आणि नळ्या बदलाव्या लागतात.

हातोडीने ठोकून किंवा डिझेल मारून ब्रेक मोकळा करून घेतला, तर चालेल का?

चालणार नाही. ठोकल्याने गंजलेला पिस्टन किंवा पीन त्या वेळेपुरती सरकते, पण गंज तेथेच राहतो. डिझेल, रॉकेल, पेट्रोल किंवा साधे ग्रीस सीलला लागले की सील फुगते, पिस्टन अधिकच आवळला जातो, आणि पॅडला लागले तर ब्रेकच घसरतो. अडनिड्या जागी गाडी अडकली आणि ठोकून चाक सुटले, तर अत्यंत सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी. तीच दुरुस्ती समजून पुढच्या प्रवासाला निघू नये.

पिना आणि पॅडचे काम कसे करावे?

जुन्या लहान गाड्यांत सर्वाधिक सापडणारा आणि सर्वांत कमी खर्चात सुटणारा दोष हाच आहे. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला की दोन्ही पिना हाताने सरकवून पाहाव्यात. चांगली पीन दोन बोटांनी सरकते आणि सोडल्यावर आतील हवेमुळे थोडी परत येते. बिघडलेली पीन पान्याने पिळावी लागते. बाहेर आल्यावर तिच्या अर्ध्या भागावर ग्रीस सुकून मेणासारखा तपकिरी थर बसलेला दिसतो आणि टोपीच्या तोंडापाशी गंजाचे कडे असते. हा थर कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावा. पीन जिथून सरकते ते भोकही आतून तितकेच स्वच्छ करावे. अनेकजण पीन चकचकीत करतात आणि भोकातली घाण तशीच ठेवतात. पिनेवर खड्डे पडले असतील, तर पीन बदलावी. रबरी टोपी फाटलेली असेल, तर ती बदलल्याशिवाय बाकीचे सर्व काम व्यर्थ आहे.

पिनांना फक्त ब्रेकसाठी असलेले सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावावे. भोक ग्रीसने ठासून भरू नये. अडकलेल्या हवेमुळे पीन आत जात नाही. काही गाड्यांत दोन पिना वेगवेगळ्या असतात, एकीच्या टोकाला रबरी कडे असते. कोणती वर आणि कोणती खाली हे काढतानाच लिहून ठेवावे.

पॅडची झीज नीट वाचता आली, तर निदान सोपे होते. बाहेरचे पॅड जास्त झिजले असेल, तर पिना परत सरकत नाहीत. आतले जास्त झिजले असेल, तर पिस्टन मागे येत नाही किंवा पिना पूर्ण जाम आहेत. एकच पॅड तिरके झिजले असेल, तर दोनपैकी एक पीन अडकली आहे. पॅडचे कान ज्या खोबणीत बसतात, तेथील गंज तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने काढावा. पॅड हाताने सरकले पाहिजे. ते ठोकून बसवावे लागत असेल, तर काम अपुरे आहे.

पिस्टन अडकलेला असेल तर कॅलिपर खोलावा की नवीन घ्यावा?

पिस्टनच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे. पिस्टन बाहेर काढण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे नळी जोडलेली असतानाच, समोर लाकडी ठोकळा धरून, पेडल हळूहळू दाबून त्याला पुढे आणणे. दोन्ही बाजू खोलायच्या असतील, तर दोन्ही पिस्टन आधी जवळजवळ टोकापर्यंत आणून ठेवावेत. एक पूर्ण बाहेर पडला की दुसऱ्यासाठी दाब उरत नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटे चिरडतात, म्हणून गॅरेजमध्येही हवा कमी दाबाने आणि ठोकळा लावूनच द्यावी.

पिस्टन पुसून उजेडात फिरवून पाहावा. सीलच्या मार्गात नखाला लागेल असा खड्डा असेल किंवा क्रोमचा मुलामा उडालेला असेल, तर पिस्टन बदलावा. पॉलिश पेपरने घासून क्रोम काढून टाकलेला पिस्टन पुढच्या पावसाळ्यात हमखास गंजतो. केवळ डाग असतील, तर स्वच्छ ब्रेक ऑइल आणि मऊ कापड पुरेसे असते.

यानंतरची जागा सर्वांत महत्त्वाची आहे: सीलची खाच. सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने काढावी, स्क्रू ड्रायव्हरने नव्हे. खाचेच्या तळाशी गंज आणि पांढुरका क्षार दडलेला असतो आणि तोच सीलला मागून ढकलून पिस्टनवर आवळतो. तो न काढता सीलचे नवीन किट बसवले, तर नवे रबर पहिल्याच दिवसापासून ब्रेक धरून ठेवते. मला भेटलेल्या फसलेल्या दुरुस्त्यांमध्ये ही खाच साफ न केल्याचे कारण वारंवार आढळते. खाच साफ झाल्यावर नवी सील स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये भिजवून पीळ न पडता बसवावी, पिस्टन हाताच्या दाबाने सरळ आत घालावा. तो तिरका झाल्यास जोर न करता बाहेर काढून पुन्हा घालावा.

कॅलिपरच्या आतील भिंतीवर खोल चरे असतील, तर संपूर्ण कॅलिपर बदलणे योग्य ठरते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पिस्टन करून मिळेल, तो वापरावा का?

बेळगावच्या फौंड्री आणि यंत्रकामाचा लौकिक मोठा आहे आणि येथील कारागीर अत्यंत अचूक काम करतात, यात शंका नाही. तरीही ब्रेकच्या पिस्टनसाठी केवळ व्यास जुळणे पुरत नाही. धातू, पृष्ठभागाची गुळगुळीतता, कडेची गोलाई आणि गंजरोधक मुलामा हे सर्व मूळ भागासारखे असावे लागते. कडेला राहिलेली एक बारीक धार सील कापू शकते. ज्या गाडीचा सुटा भाग बाजारात मिळतो, तिच्यासाठी मी लेथवर केलेला पिस्टन सुचवणार नाही. तुटलेला बोल्ट किंवा निप्पल काढणे, खराब आटे दुरुस्त करणे यासाठी मात्र तेथील लेथवाल्याइतकी चांगली मदत दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

एकाच चाकाचा त्रास असताना दोन्ही बाजूंचे काम करावे का?

पॅड, सील आणि नळ्या नेहमी जोडीनेच बदलाव्यात. दोन्ही बाजूंचे वय आणि त्यांनी सोसलेला पाऊस सारखाच असतो, आणि एका बाजूचा ब्रेक नवा व दुसरा जुना असल्यास ओल्या रस्त्यावर गाडी ओढते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मोजमाप त्याहून कमी आले, तर डिस्क बदलावी.

कोणते ब्रेक ऑइल घालावे आणि ते कधी बदलावे?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच घालावे. बहुतेक जुन्या गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचे ऑइल चालते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यानंतरच्या चाचणीसाठीची किमान मर्यादा मात्र १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. तेच पाणी पिस्टनला आतून गंजवते. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा कॅलिपर वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचे असल्याने या ऑइलमध्ये मिसळू नये. अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. रंगावर थेंब पडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सोलून निघतो.

हवा काढताना कोणता क्रम ठेवावा?

सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते डावे मागचे चाक असते. काही गाड्यांची ब्रेकची रचना तिरपी विभागलेली असल्याने क्रम वेगळा असतो, तेव्हा पुस्तिकेतील क्रम पाळावा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत जोरात दाबू नये, कारण मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंज त्याचे रबर कापू शकतो. पेडलखाली लाकडाची फळी ठेवावी.

चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाटात जळका वास आला किंवा पेडल मऊ पडले, तर काय करावे?

ताबडतोब खालचा गिअर टाकून वेग कमी करावा आणि पहिल्या सुरक्षित रुंद जागी गाडी थांबवावी. पेडल मऊ पडले असेल, तर ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे आणि पुढच्या वळणावर ब्रेक अजिबात लागणार नाही, असे समजूनच वागावे. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ती वाकते किंवा तडकते. पेडल पुन्हा कडक झाले, तरी घाट उतरणे सुरू ठेवू नये, मदत बोलवावी. ज्या गाडीचे चाक घरीच गरम लागत होते, ती घाटात न्यायचीच नाही, हा नियम प्रत्येक मालकाने पाळावा, कारण आपल्यासोबत समोरून येणाऱ्यांचाही जीव त्यात अडकलेला असतो.

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर?

शक्य असल्यास घरातील कोणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी चार-पाच किलोमीटर चालवून ब्रेक वापरायला सांगावे. नुसते इंजिन चालू केल्याने ब्रेकला काहीच उपयोग होत नाही. उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, मागचे शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडकण लावावी.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या नूतनीकरणासाठी याचा काही संबंध आहे का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी होणाऱ्या तपासणीत ब्रेकही पाहिले जातात, म्हणून हे काम तारखेच्या आधीच पुरे करावे.

काम झाल्यावर गाडी तपासायची कशी?

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, कारण पॅड डिस्कपासून लांब गेलेले असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. कॅलिपरचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. नंतर रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा सौम्य ब्रेक लावून, प्रत्येक वेळी थोडे अंतर चालवून थंड होऊ देत, नवीन पॅड बसवून घ्यावेत. परत आल्यावर डाव्या-उजव्या चाकांची उष्णता पुन्हा पडताळावी, चाक उचलून हाताने फिरते का ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निप्पल व नळीच्या जोडाखाली कागद धरून कोठे ओल येते का, टाकीतील पातळी उतरली आहे का, हे पाहावे. पातळी उतरलेली दिसली, तर गळती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नये.